हात वर, तीन मिनिटं

रिमगाउदास आलाय क्लायपेडाच्या गोदीतून,
जहाजांच्या पोटाखाली उताणा पडून
बावीस वर्षं वरच्या वर वेल्डिंग केलेला माणूस.
कॉलरवर ठिणग्यांनी पाडलेली बारीक भोकं.
म्हणतो, फळीवरचा साखरेचा डबा काढायला गेलो
की डावा हात परका होतो.
रात्री उशीखालून तो शोधून काढावा लागतो.
बायको म्हणते, सोंग.

ती बाहेर बसलीय, मांडीवर दोघांचे कोट घेऊन.

मी त्याच्या मनगटावर तीन बोटं ठेवते.
हात थोडा मागे. मान डावीकडे.
हनुवटी वर. श्वास घ्या खोल.
आता धरून ठेवा.
खाडीवरच्या फेरीबोटीचा भोंगा होतो
आणि बोटांखालची नाडी
गळाला लागलेला मासा सुटावा तशी
एकदम जाते.
दोरी हातात, पलीकडे कुणी नाही.

स्कायस्ते, माझी विद्यार्थिनी, खूश होऊन लिहिते: पॉझिटिव्ह.
थांब. तुझा हात दे.
मान वळव, श्वास धर.
तेवीस वर्षांची, हिवाळ्यातही समुद्रात पोहणारी पोरगी,
तिचीही नाडी जाते.
तिचा चेहरा उतरतो.
घाबरू नकोस, मी म्हणते, तू ठणठणीत आहेस.
गळपट्टीचं हाड आणि पहिली बरगडी
यांच्यामधला बोळ अरुंदच असतो सगळ्यांचा.
रक्त अंग चोरून जातं, नसाही तशाच.
नाडी गेली, एवढ्यावरून काही ठरत नाही.
त्याला विचार, काय आलं.

ती वहीतलं खोडते.

प्रत्येक चाचणीला कुठल्या ना कुठल्या डॉक्टरचं नाव.
एकाने मान वळवायला सांगितलं, एकाने दंड आभाळाकडे न्यायला,
कुणी खांदे मागे ओढून छाती काढून उभं केलं,
परेडवर करतात तसं.
आणि मुंग्या येतात त्या बोटांमधली एक करंगळी,
दुसरी अनामिका.
नाव नाही, म्हणून तेच नाव.

आता शेवटची.
हात वर, कोपरं खांद्यांच्या रेषेत,
पंजे छताकडे.
मुठी उघडा, मिटा. तीन मिनिटं.
भिंतीवरचं घड्याळ जरा जास्तच मोठं आहे.

पहिल्या मिनिटाला तो बोलत असतो.
विमा कंपनीचं पत्र आलंय, दीड पानी,
कामाचा आणि दुखण्याचा संबंध सिद्ध होत नाही.
कंपनीने कधीच हात वर केलेत.
तो आत्ता करतोय.
उघड, मीट.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात,
ही उघडते तेव्हा तिच्यात
फक्त पिवळट तळवा, जुन्या भाजल्याच्या खुणा.

दीड मिनिट. बोलणं बंद.
उजवी मूठ नेमाने चाललीय.
डावी मागे पडते,
मग बोटं अर्धीच मिटतात,
मग अनामिका एकटीच हलते.
पंजा पांढरा, मेणासारखा.
आणि त्याचा चेहरा,
काय सांगू, चेहरा उजळतो.
हेच! हेच ते, डॉक्टर!
महिनोन् महिने दारातून परत जाणारं दुखणं
आज वेळेवर, साक्षीदारांसमोर
आत येऊन बसलंय.

गेनोवाइते! तो ओरडतो, आत ये लवकर, जायच्या आत!

ती कोट सांभाळत येते.
हात खाली करा, मी म्हणते, आता पुरे.
तो ऐकत नाही.
उघड, मीट. उजवा. फक्त उजवा.
डावा कोपरातून थरथरतो, झुकतो, पडतो,
आणि कोट जमिनीवर टाकून ती तो झेलते.
मनगट धरून उभी राहते,
काहीतरी लागावं म्हणून बोटं दाबत,
करंगळीच्या बाजूला,
जिथे आम्ही नाडी बघत नाही.

मी काही बोलले नाही.
स्कायस्ते बोलणार होती, तिला खुणेने थांबवलं.
घड्याळात अजून पन्नास सेकंद होते.